बोकड्या शून्य

आमच्या घराण्याला मराठीचा भारी तोरा. पणजोबा देवास संस्थानात कारकून होते, आजोबांचं मोडी अक्षर बघायला लोक यायचे, आणि मी, चिंतामणी पुराणिक, बँकेतून निवृत्त झाल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मराठीतल्या चुका काढत बसतो. आरतीत कुणाचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी माझं तोंड वाकडं होतं. अशा माणसाला धारकडच्या मनावर गावातल्या सरलाबाईंनी एका शब्दावरून तोंडघशी पाडलं. त्यांची गोष्ट सांगायची तर माझी फजिती लपवता येत नाही, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

सरला मारुती भोरकर. पन्नाशीच्या, अंगाने काटक, बोलायला कमी. त्यांचे पूर्वज धारच्या पवारांबरोबर दक्षिणेतून आले, तेव्हा दरबारची घोडी सांभाळायचे. आता घरातलं कुणी मोटारी दुरुस्त करतं, कुणी दुकानात आहे. नवरा मारुती मनावरच्या बाजारात शिलाई मशीन चालवतो. सरलाबाई धारच्या मराठी शाळेत आठवीपर्यंत शिकल्या आणि गेली बारा वर्षं मनावरजवळ मिरचीवर संशोधन करणाऱ्या एका प्रकल्पाच्या शेतावर नोंदी ठेवतात. कोणत्या ओळीत किती झाडं, किती रोगट, किती तोडा झाला, हे सगळं त्यांच्या रजिस्टरात. अक्षर असं, की माझ्या आजोबांनीही मान डोलावली असती.

मनावरपासून डहीपर्यंत मिरची मोठी. आणि मिरचीचा वैरी म्हणजे पानं आखडण्याचा रोग. तिकडे त्याला कुकडा म्हणतात. पांढरी माशी, तांदळाच्या कणीहून लहान, आजारी झाडाचा रस पिते, मग निरोगी झाडावर जाऊन बसते, आणि विषाणू तिच्याबरोबर जातो. पानं वर वळून आखडतात, झाड खुरटतं, मिरच्या लागल्याच तर वेड्यावाकड्या. फवारा मारला की माशी मरते, आठवड्यात दुसरी हजर. म्हणून संशोधक आता माशीपेक्षा झाडाच्या मागे लागले आहेत. विषाणू अंगात शिरला तरी त्याला वाढू न देणारं झाड त्यांना हवं आहे. असं झाड सापडणं सोपं नाही. सरलाबाईंना सापडलं.

डहीच्या रस्त्यावर ओळखीतल्या एकाचं शेत होतं. कुकड्याने सगळं गेलेलं, मालक नांगर घालायला निघालेला. त्या आखडलेल्या रानात एकच झाड ताठ उभं होतं. सरलाबाईंनी त्याच्या पिकलेल्या मिरच्या मागून घेतल्या आणि बी परसात लावलं. मधमाश्यांनी शेजारच्या मिरचीचा पराग आणून जात बिघडवू नये म्हणून कळ्यांवर मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या चढवल्या. पिशव्या मारुतीने शिवल्या. त्या वर्षी गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांपेक्षा मिरचीच्या टोप्याच जास्त शिवल्या, असं तो अजून सांगतो. दरवर्षी सगळ्यात ताठ झाडाचं बी ठेवायचं, बाकीचं टाकायचं. असं सहा वर्षं चाललं. मग त्यांनी मूठभर बी प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. शिवांगी व्यास यांच्या हातात दिलं. मॅडमनी ते चाळीस वाणांच्या चाचणीत घातलं. नंबर मिळाला सत्तावीस.

आता माझा प्रवेश. माझी मुलगी अपूर्वा देवासला याच प्रकल्पाच्या कार्यालयात काम करते. मनावरहून नोंदींचे कागद येतात, ती ते कंप्युटरवर चढवते. शाळा हिंदी, कॉलेज हिंदी. घरात मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. मी तिला कधी नीट शिकवलं नाही, नुसता रागावत राहिलो.

नोंदींच्या छापील फॉर्मात रोगाचे आकडे एक ते नऊ. एक म्हणजे चार-दोन पानं वळलेली, नऊ म्हणजे झाड संपलं. शून्य लिहिलं तर त्याचा अर्थ 'नोंद झाली नाही'. एखादं झाड अगदी निरोगी राहील, असं फॉर्म करणाऱ्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. सत्तावीस नंबरच्या तिन्ही वाफ्यांत रोगाचं एकही पान नव्हतं. नुसतं शून्य टाकलं तर घोळ होईल म्हणून सरलाबाईंनी शेऱ्याच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी अक्षरांत लिहिलं, 'बोकड्या शून्य'.

जानेवारीतल्या एका दुपारी अपूर्वाने खोलीतून विचारलं, "बाबा, बोकड्या म्हणजे काय हो?"

मी पेपर वाचत होतो. पेपर खाली न करता म्हणालो, "बोकड. हेटाळणीने बोकड्या म्हणतात. इतकंही येत नाही?"

तिला पटलं. त्या हंगामात शेताचं कुंपण एकदा पडलंही होतं. बकऱ्याने खाल्लं, झाडं शून्य, असा तिने अर्थ लावला आणि सत्तावीस नंबर चाचणीतून बाद केला. मला तर चहाच्या वेळेपर्यंत शब्दही आठवत नव्हता.

फेब्रुवारीत शेवटच्या परीक्षेसाठी निवडलेल्या बारा वाणांची यादी लागली. सत्तावीस त्यात नव्हता. प्रकल्पाचं ते अखेरचं वर्ष, आणि परीक्षेची पेरणी सोमवारी. ती हुकली तर सरलाबाईंची मिरची त्यांच्या परसातच राहणार होती.

शनिवारी दुपारी दारावर थाप पडली. बाहेर एक बाई, काखेत रजिस्टर. पहाटे मनावरहून निघून, धारला आणि इंदूरला गाड्या बदलून आल्या होत्या. कार्यालय बंद दिसलं म्हणून चौकीदाराला विचारून घर गाठलेलं.

"अपूर्वाताई इथंच राहतात ना? मी सरला, मनावरची."

अपूर्वाने पाणी दिलं. त्यांनी पेला तसाच धरून ठेवला.

"ताई, माझा सत्तावीस कुठं गेला?"

"काकू, त्यात काही उरलंच नव्हतं ना. बकऱ्याने साफ करून टाकलं. तुम्हीच तर लिहिलंय, तीनदा."

"कोणता बकरा?"

अपूर्वाने लॅपटॉप उघडून कागदाचा फोटो दाखवला. सरलाबाई वाकल्या, स्वतःचं अक्षर वाचलं आणि एकदम सरळ झाल्या.

"बोकड्या म्हणजे कुकडा, ताई. पानं आखडतात तो रोग. माझा मामा खानदेशात मिरची करायचा, तिकडं सगळे बोकड्याच म्हणतात. बोकड्या शून्य, म्हणजे रोग शून्य."

अपूर्वा माझ्याकडे बघायला लागली. मीच म्हणालो, "तिने मला विचारलं होतं. मीच सांगितलं, बोकड म्हणून."

"माहीत नव्हतं तर मला विचारायचं, काका. कागदाच्या खाली माझा फोन नंबर आहे," सरलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. सदुसष्ट वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आरत्या तोंडपाठ असलेल्या माझ्या मराठीत शेतातला एक शब्द नव्हता, आणि 'माहीत नाही' म्हणायची दानतही नव्हती.

शिवांगी मॅडमना फोन लावला, त्या म्हणाल्या लगेच घरी या. रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. त्या दोघींकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "सरलाजी, गलती हमारी है," त्या म्हणाल्या. "पर एक सवाल का जवाब दीजिए. पौधा अपने दम पर बचा, या मक्खी वहाँ पहुँची ही नहीं?"

प्रश्न रास्त होता. नशिबाने वाचलेलं झाड आणि ताकदीने वाचलेलं झाड दिसायला सारखंच असतं. सरलाबाईंनी मात्र रजिस्टर मागून उलटं उघडलं. दर गुरुवारी सकाळी सात वाजता, ऊन चढून माश्या उडायला लागण्याआधी, त्यांनी प्रत्येक ओळीतली तीन पानं उलटून माश्या मोजल्या होत्या. सव्वीस नंबरवर तेरा, बारा, पंधरा. सत्तावीसवर चौदा, अकरा, सतरा. पानामागून पान असंच.

मॅडम बराच वेळ आकडे वाचत राहिल्या. "ये गिनने को किसने बोला था आपको?"

"कुणीच नाही. माझाच माझ्यावर भरोसा नव्हता, मॅडम. म्हटलं, मक्खीच आली नसेल तर कशाला मिरवायचं?"

मॅडमनी यादी ओढली, वरचा बाराचा आकडा पेनने खोडून तेरा केला आणि खाली सही ठोकली.

खरी परीक्षा पुढे होती. कार्यालयामागे बारीक जाळीचं घर उभारलेलं. रोपं महिन्याची झाल्यावर त्यात तेरा वाणांची प्रत्येकी दहा ठेवली आणि आजारी झाडांवर पोसलेल्या हजारो माश्या आत सोडल्या. आता कुणालाच पळवाट नव्हती. पाच आठवडे थांबायचं होतं. मला उद्योग नाही, मी रोज जाळीबाहेर जाऊन उभा राहायचो. दुसऱ्या आठवड्यापासून एकेक वाण वळायला लागला. तिसऱ्या आठवड्यात सत्तावीसच्या एका रोपाचं पान वळलेलं दिसलं. लगोलग मनावरला फोन केला.

"सरलाबाई, आपलं झाड गेलं हो."

"पान वर वळलंय की खाली, काका?"

मी परत जाऊन बघून आलो. "खाली."

"मग कोळी असेल, कोळी. बारीक किडा असतो तो. बोकड्यात पान वर वळतं. मॅडमना भिंगातून बघायला सांगा."

भिंगाखाली कोळीच निघाला. मी त्या दिवशी घरी पेढे नेले, आणि कशाचे ते अपूर्वाला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी सरलाबाई आणि मारुती दोघं आले. मारुतीने दुकान बंद ठेवलं होतं, नवा शर्ट घातला होता. मॅडमनी जाळीघराचं दार उघडलं. बारा वाणांची एकशेवीस रोपं बुटकी, पिवळी, पानं मुठी वळल्यासारखी. मधे सत्तावीसची दहा. गुडघ्याच्या वर गेलेली, हिरवीगार, आणि फुलावर आलेली. माश्या त्यांच्या पानांमागेही होत्याच, भरपूर होत्या. प्रयोगशाळेचा कागद मॅडमच्या हातात होता. बाकीच्यांच्या पानांत विषाणू ठासून भरलेला, सत्तावीसच्या पानांत नावापुरता. शिरला होता, पण त्याचं काही चाललं नव्हतं.

सरलाबाई खाली मातीत बसल्या. आधी पदर डोळ्यांना लावून रडल्या, मग हसायला लागल्या, मग दोन्ही एकदम. मारुती त्यांच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होता, "मी शिवल्या बरं का टोप्या." शिवांगी मॅडमनी त्यांना उठवून मिठी मारली. मीही रडलो, लपवलं नाही. अपूर्वाने नोंदीचा नवा फॉर्म पुढे केला. त्यात तिने एक रकाना वाढवला होता, 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' आणि वाण कुणी शोधला, त्यापुढे नाव लिहायची जागा होती. सरलाबाईंनी तिथे पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सावकाश, वेलांटी न चुकवता.

याला आता दोन हंगाम झाले. मनावरच्या मेळाव्यात गेल्या जूनमध्ये त्या वाणाचं बी दुसऱ्यांदा वाटलं, तेव्हा मीही मुद्दाम गेलो होतो. सरकारी कागदात त्याला लांबलचक नंबर आहे, तो कुणाच्या लक्षात राहत नाही. पानं सरळ राहतात आणि बी सरलाबाईंचं, म्हणून लोकांनी आपणहून त्याला 'सरला' म्हणायला सुरुवात केली. टेबलामागे सरलाबाई पुड्या भरत होत्या. डहीकडचा एक शेतकरी गर्दीतून पुढे आला. शेजाऱ्याचं हिरवं शेत बघून आला होता, बाईंना काही ओळखत नव्हता.

"बाई, सरला मिलेगी?"

"मिलेगी."

"देख लो, बाजार में नकली भी चल री हे. म्हारे तो असली सरला चइये."

सरलाबाईंनी पुडी त्याच्या हातात दिली आणि पदर नीट केला.

"असली ही खड़ी है थारे सामने, भिया."