खलास झाला

त्या वर्षी आमचं भारतीय नौदलाचं जहाज ओमानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बंदरात इंधन-पाण्यासाठी लागलं. जहाजाचं आणि बंदराचं नाव लिहीत नाही. मी तेव्हा चीफ पेटी ऑफिसर होतो. फोकस्लवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या डेकवर, दोरांचं सगळं काम माझ्याकडे असे.

जहाज रशियन बनावटीचं. येताना भर समुद्रात अमेरिकन टँकरने आम्हाला तेल दिलं होतं. पलीकडच्या धक्क्यावर रशियाची फ्रिगेट होती, चीन आणि इराणबरोबरचा सराव आटोपून आलेली. तिच्या खलाशांशी आम्ही व्हॉलीबॉल खेळलो आणि हरलो. तिकडे लडाखात आपले जवान चीनसमोर उभे होते, आणि त्याच चीनबरोबर आपली माणसं व्यापाराच्या बैठकांना बसत होती. माझ्या हाताखालचा राठी दुर्बीण डोळ्यांना लावून विचारायचा, "चीफ, ये वाले अपने हैं क्या?"

"आज हैं. कल का सिग्नल आने दे."

धक्क्यावर आमचे दोर घेणाऱ्या टोळीचा मुकादम होता हनीफ मजगावकर. रत्नागिरीचा. मी गुहागरचा. पहिल्याच दिवशी माझं हिंदी ऐकून तो खालून ओरडला, "चीफसायब, मराठीत बोला की! तुमचा हिंदी ऐकून आमचे बंगाली पण हसतात." त्यानंतर आम्ही वॉकी-टॉकीवर मराठीतच बोलत असू. अपवाद एका शब्दाचा. दोराचा फास बोलार्डवर, म्हणजे धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसला, की तो म्हणे, "खलास." अरबीत, काम झालं. तिथे सगळे तसंच म्हणतात. ते ऐकलं की मी कॅपस्टन, म्हणजे दोर ओढणारं चक्र, फिरवायला सांगत असे.

एकदा मी त्याला विचारलं, "इतक्या देशांची जहाजं येतात. तुम्हाला वेगळं काही वाटतं का?"

"आमाला काय, सायबा? दोर सगल्यांचा सारकाच जड."

निघायच्या आदल्या दिवशी ब्रिजवरून हुकूम आला. एक चिनी सप्लाय शिप आत येत होती. तिला जागा देण्यासाठी आम्हाला त्याच धक्क्यावर पुढे सरकायचं होतं. जहाजं ओढणारे टग तिच्याकडे गेलेले, म्हणून आम्ही दोरांवर जहाज ओढत न्यायचं. बंदरात लाट घुसत होती. जहाज वरखाली होत होतं. समोर चिनी जहाज इंजिन मंद करून थांबलेलं, त्याच्या रेलिंगला माणसं उभी, त्यातल्या एकाच्या हातात कॅमेरा.

"फोकस्ल, ब्रिज. एक्स्पेडाइट."

"ब्रिज, फोकस्ल. रॉजर."

शेवटचा दोर बोलार्डवर गेला. जहाजाच्या फुगवट्याआड हनीफ मला दिसत नव्हता. ब्रिजवरून पुन्हा आवाज आला, "चीफ, दे आर वॉचिंग. मूव्ह." त्याच वेळी वॉकी-टॉकीवर हनीफ बोलला.

मी कॅपस्टनवाल्याला हात केला. "हीव्ह!"

दोर ताणला, आणि तुटला. तो धक्क्याच्या लोखंडी कडेवर घासून आतून गेलेला होता. ताणलेला दोर तुटतो तेव्हा चाबकासारखा मागे येतो. हनीफ बोलार्डपाशीच होता. मी गँगवेवरून उतरून पोचलो तेव्हा त्याची माणसं त्याच्याभोवती बसली होती. एकाने आपला गमछा त्याच्या चेहऱ्यावर टाकला होता.

चिनी जहाज ठरल्याप्रमाणे धक्क्याला लागलं. त्यांनी झेंडा अर्ध्यावर आणला. आम्हीही आणला. रशियनांनी आणला.

चौकशीत मला एकच विचारलं गेलं. "व्हॉट डिड ही से?"

"खलास, सर."

पुढे कोणी काही विचारलं नाही. खलास म्हणजे पूर्ण झालं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. किनाऱ्याकडून इशारा घाईत दिला गेला, असा निष्कर्ष निघाला. मी सही केली.

निवृत्तीनंतर ओमानमध्येच सोहार औद्योगिक वसाहतीत सेफ्टी सुपरवायझरची नोकरी मिळाली. हनीफचा भाऊ सलीम मस्कतजवळ माबेल्यात राहतो, हे कळूनही मी बरेच दिवस गेलो नाही. शेवटी एका शुक्रवारी गेलो. सलीमने चहा दिला. तो अजूनही बंदरांवरच काम करतो.

"आमच्याकडे नव्या पोरांना शिकवतात," तो म्हणाला. "हनीफसारका घाईत खलास बोलू नको. माज्यासमोरच शिकवतात. मी काय बोलणार?"

मी कप खाली ठेवला. "सलीमभाई, तो 'खलास' नाही म्हणाला."

"मग?"

"'खलास झाला' म्हणाला. दोर. दोर खलास झाला."

आपल्याकडे वस्तू खलास झाली म्हणजे ती कामातून गेली, हे मला लहानपणापासून माहीत आहे. परक्या आरमारांशी बोलायला आमच्याकडे सिग्नल बुक होतं. गाववाल्याशी बोलायला लागत नाही, असं वाटलं होतं. 'झाला' मला ऐकू आला होता. त्याच्या आवाजातली भीतीही. पण मला हवा होता तो शब्द आधी आला, आणि मी हात केला. चौकशीत दुसरा शब्द गाळला.

सलीमने आपला कपही खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे तो मराठीत बोलला."

"हो."

"आनि तुमी मराठी मानूस."

तो म्हणाला, "मला नको सांगू. बंदरावर सांग. लिहून दे."

म्हणून हे लिहिलं. त्या बंदरावर आणि जिथे जिथे त्याचं नाव धडा म्हणून घेतलं जातं, तिथे हे वाचून दाखवावं. हनीफ मजगावकर, मुकादम, राहणार रत्नागिरी, यांनी इशारा वेळेवर आणि बरोबर दिला होता. तो मी ऐकला होता.