छातीइतकं पाणी

यजमानांची बदली जयपूरच्या छावणीत झाली तेव्हा आमची मुलगी सहा वर्षांची होती. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती. तिचे पाय जन्मापासून कडक. उभं केलं की एकमेकांवर चढायचे, टाचा जमिनीला लागायच्या नाहीत. तिथल्या व्यायामोपचाराच्या बाईंनी तिला तपासलं आणि म्हणाल्या, "कोमट पाण्यात हिचे पाय सैल पडतील. हळूहळू करायचं, जबरदस्ती नाही."

छावणीत जवानांचा पोहण्याचा तलाव होता, आणि मे महिन्यात दुपारनंतर त्यातलं पाणी आपोआप कोमट व्हायचं. मी तलावाच्या सुभेदारसाहेबांकडे सरळ जाऊन उभी राहिले.

"मुलीला पाण्यात कोण धरणार?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"मी."

"पोहता येतं?"

"नाही. पण उथळ बाजूला पाणी माझ्या छातीपर्यंतच आहे. उभं राहता येतं मला."

त्यांनी हसू दाबलं. जवान मैदानावर खेळायला जात, तो चार ते पाचचा तास आम्हाला मिळाला. पोहणं शिकवणारा एक शिक्षक काठावर बसेल, एवढीच अट.

आजवर साडीशिवाय काही न नेसलेली मी शेजारणीचा सलवार-कमीज घालून पाण्यात उतरले. लेकीनं माझा गळा आवळला. पाय आणखीच ताठ झाले. मी तिला बाहेर काढलं नाही. काखेत हात घालून सावकाश डावीकडे-उजवीकडे झुलवत राहिले आणि गावाकडच्या म्हशी ओढ्यात कशा ऐसपैस बसतात, मालक हाका मारतो तरी कशा ढिम्म हलत नाहीत, ते सांगत राहिले. ती खुदकन हसली. त्या क्षणी तिचे पाय सैल पडले. माझ्या हातांना ते आधी कळलं.

मग रोज तेच. पाठीवर तरंगायचं, डोक्याखाली माझा तळवा. काठाचा दांडा धरून पाय हलवायचे. पाण्यात फुंकर मारून बुडबुडे काढायचे.

एके दिवशी एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन आल्या आणि काठावरच थबकल्या. "आजारी मुलांनाही सोडतात का तलावात?"

"ती आजारी नाही," मी म्हटलं. "पाय कडक आहेत तिचे. त्याची कुणाला लागण होत नाही. येऊ द्या मुलांना."

बाई मुलांना घेऊन परत गेल्या. मला वाईट वाटलं, पण लेकीसमोर मी तसं दाखवलं नाही. आठवडाभरानं तीच मुलं एकटी आली आणि तिच्याशी बुडबुड्यांची शर्यत लावू लागली.

ऑगस्टच्या शेवटी, उतरायच्या रुंद पायरीवर, जिथं पाणी तिच्या छातीइतकं होतं, तिनं दांडा सोडला. एक पाऊल, दुसरं, तिसरं.

"आई, मतलब पाणी मला धरतंय?"

"थोडं पाणी, बाकी तू."

काठावरचा शिक्षक उठून उभा राहिला होता.

जमिनीवर ती कधी आधाराशिवाय चालली नाही, हेही सांगायला हवं. पण तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तिच्या टाचा खाली टेकल्या, आणि कुबड्या घेऊन ती शाळेच्या सात पायऱ्या स्वतः चढू लागली. पहिल्या दिवशी मी मागोमाग निघाले, तर वळून म्हणाली, "तू जा ना घरी. सगळे बघतायत."

मी गेले.