विहिरीतला काळा दगड

प्रयोगशाळेत काळा पाषाण फोडला की ठिणगीसारखा करपट वास दरवळतो आणि मी थेट राजूरजवळच्या एका अर्धवट खोदलेल्या विहिरीच्या काठावर जाते. तेव्हा मी संशोधनाला नुकतीच लागले होते. थिजलेल्या लाव्हाचे मी वेचलेले सगळे नमुने उन्हापावसाने झिजलेले म्हणून मार्गदर्शकांनी परत केले होते; या खेपेस चुकले असते, तर माझा विषय दुसऱ्याला गेला असता.

विहीर खोदणारे भागूमामा माझी पिशवी पाहून हसले. "ताई, हे समदे मेलेले दगड हायेत. रंग नका बघू, आवाज ऐका."

मी डोळे मिटले आणि विहिरीतून उपसलेल्या ढिगातल्या एकेका दगडावर हातोडी मारत गेले. बरेच दगड फुटक्या मडक्यासारखे भद्द वाजले. मग एक घुमला, लांबत गेलेल्या घंटानादासारखा. फोडला, तर आत निळसर काळा, एकही तांबूस डाग नसलेला.

त्याच दगडाच्या पृथक्करणावर माझा प्रबंध उभा राहिला. पुढे मानपत्रे आली, सभागृहांत टाळ्या वाजल्या. पण माझी पहिली पदवी त्या काठावरचीच, असे आज वाटते. भागूमामांनी तो तुकडा उन्हात फिरवून पाहिला, साथीदारांना दाखवला आणि माझ्याकडे वळून ते एवढेच म्हणाले, "वस्ताद."