खिंडीतला शेवट

"शेवट चुकलाय, ताई!" असं म्हणत तो माझ्या काउंटरवर मोबाईल आपटायचा. कराडच्या ट्रॅक्टर शोरूममध्ये मी बिलं करते, तो सुटे भाग द्यायचा. गिऱ्हाईक ताटकळलेलं, आणि याला गेमच्या शेवटाची पडलेली! असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. खुर्चीत घटकाभर टिकत नाहीत, चहासुद्धा येरझाऱ्या घालत पितात.

गेम मेंढपाळाचा. डोंगरातून कळप न्यायचा, एक कोकरू मागं राहिलं तरी माघारी फिरायचं. शेवटी बर्फानं भरलेली खिंड आणि दोनच वाटा. मेंढरं सोडून एकट्यानं गाव गाठ, नाहीतर त्यांच्याबरोबर तिथंच गोठून मर.

"सबंध गेमभर शिकवलं, कुणाला मागं सोडू नगं. आन शेवटाला ह्यो असला सवाल? मग शिकवलं कशापायी?"

"अरे बाबा, दाब एक बटण आणि जेवायला बस!" मी खेकसायची. पण त्यानं कुठलंच दाबलं नव्हतं.

नंतर कळलं, आटपाडीकडं त्याच्या वडलांची मेंढरं होती आणि वडलांचे गुडघे गेले होते. आता एक तर मेंढरं विकायची, नाहीतर यानं नोकरी सोडून कळपामागं जायचं. घरून रोज फोन यायचा. हा डबा उघडायचा, झाकायचा, पुन्हा दाराशी जाऊन उभा राहायचा. मग मलाही त्याच्यावर ओरडवेना.

अखेर मेंढरं विकली. तो गावाहून परत कामावर आला त्या दिवशी मी भीत भीत विचारलं, "गेमचं काय केलंस रे?"

"दाबलं बटान. एकटाच आलो गावात." मोबाईल खिशात टाकत म्हणाला, "शेवट बराबर हाय, ताई. पयल्यापास्नं जीव लावाय शिकवलं, म्हणून तर मागं बघवत न्हाई. न्हाईतर त्यात काय हुतं, बटानच की."

मला एकदम रडू फुटलं. तो मात्र गोदामात निघून गेला.

थोड्याच दिवसांत त्याचं येणं बंद झालं. त्याच्या भाड्याच्या खोलीला कुलूप, फोन बंद. मालकांनी दुसरा माणूस ठेवला.

परवा शोरूमच्या फोनवर त्याचे वडील होते. "पोरगं बरं हाय न्हवं, बाय? फोन लागंना त्येचा. मेंढरं गेली त्येचं काय न्हाई. पोराची नोकरी ऱ्हायली, लय झालं."

"बरा आहे तो, मामा," मी म्हटलं. "जरा गिऱ्हाईकाकडं गेलाय. आला की सांगते."