वीसचा बोर्ड आणि लिंबू

बाळकुमला आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यावरची वेगमर्यादा चाळीसवरून वीसवर आणायला आम्ही दोन वर्षं अर्ज केले. शेवटी बोर्ड लागला. फरक शून्य! तिसऱ्याच दिवशी सकाळी लेकीला स्कूलबसपर्यंत सोडताना एक बाइक इतक्या जवळून गेली, की लेकीच्या हातातली वॉटरबॅग हँडलला अडकून फरफटत गेली. लेक वाचली. माझं डोकं भडकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी रस्त्याच्या मधोमध उतारा ठेवला. दृष्ट काढून टाकतात तसाच, कापलेलं लिंबू, हळदकुंकू, मूठभर भात. मग गॅलरीत उभी राहिले. एकूण एक गाडी हळू झाली आणि वळसा घालून गेली. बोर्डाला भीक न घालणारे लिंबाला टरकत होते! मला हसू आलं, आणि संतापही.

संध्याकाळी मी ऑफिसमधून स्कूटीवर परतले. उताऱ्याला झाडूवाल्यानेही हात लावला नव्हता. लिंबू माझ्याच फ्रिजमधलं, भात आमचाच उरलेला. तरी ते दिसताच माझा हात आपसूक ब्रेकवर गेला. वीसचा बोर्ड बघून तो एकदाही गेला नव्हता.