पाय न लावता कुडपण

पनवेल सुटलं तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. माझा धाकटा भाऊ सुहास आठ वर्षं इंग्लंडात राहून कायमचा परत आला आणि येताना स्वतःची गाडी बोटीतून घेऊन आला. त्याच्या ठाण्याच्या घरी दोन दिवस राहून मी महाडला माझ्या घरी निघाले होते, आणि तो मला सोडायला येत होता. माणगावच्या अलीकडे सरळ रस्ता लागला तसं त्यानं स्टिअरिंगवरचं एक बटण दाबलं आणि पाय चक्क मागे ओढून घेतले.

"ताई, आता गंमत बघ. पुढची गाडी हळू झाली की ही हळू होते, ती पळाली की ही पळते. पुढे रडार आहे. तिकडे मोटरवेवर मी तास तास पेडलला पाय लावत नव्हतो."

"आणि म्हैस आडवी आली तर?"

"मोटरवेवर म्हैस येत नाही."

"इथे येते," मी म्हटलं आणि दाराची मूठ धरून बसले.

म्हैस आली नाही, पण बाकी सगळे आले. आमच्या गाडीनं पुढच्या ट्रकपासून शहाण्यासारखं अंतर ठेवलं होतं, आणि मोकळी जागा दिसली की ती भरायची हा तर आपल्या हायवेचा धर्म. आधी एक टमटम घुसली. गाडी अदबीनं मागे सरली. मग जीप घुसली, मग एसटी. दर वेळी आमची गाडी 'या, बसा' म्हणत हळू व्हायची. अशानं महाडऐवजी परत पनवेलला पोचू, असं मी म्हटलं तेव्हा सुहास हसला नाही. चौपदरी रस्ता तेव्हा कागदावरच होता, आणि त्याच्या यंत्राला दुपदरी रस्त्यावरची माणसं ठाऊक नव्हती.

मी त्या यंत्राकडे संशयानं बघत होते, आणि आशेनंही बघत होते. आता लपवण्यात अर्थ नाही. मी महाडची डॉक्टर. मला बारा वर्षांचा मधुमेह, आणि गेल्या काही महिन्यांपासून उजव्या पावलाला स्पर्श कळेनासा झालेला. चप्पल निसटून मागे राहायची आणि मी चार पावलं पुढे गेल्यावर खाली बघायची. दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर मी त्याच्या गाडीची किल्ली त्याच दिवशी काढून घ्यायला लावली असती. स्वतःच्या बाबतीत मात्र अळीमिळी गुपचिळी. कारण गाडी चालवणं सुटलं की दर गुरुवारची माझी कुडपणची फेरी सुटणार होती. पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या त्या गावात, दुसरा डॉक्टर जात नव्हता. पायाचं काम यंत्र करत असेल तर काय हरकत आहे, असा विचार मी महाडला घरी पोचल्यावर रात्रभर केला.

सकाळी गुरुवारच होता. "आज कुडपणला तुझ्या गाडीनं जाऊ. मी चालवते," मी म्हटलं. सुहासला वाटलं, ताईला पटलं.

महाड सोडल्यावर मी बटण दाबलं. पिंपांनी भरलेला एक ट्रक पुढे होता, आणि आम्ही त्याच्या मागून आज्ञाधारकपणे चाललो होतो. पाच मिनिटं गेली. पाय खाली नुसता टेकलेला. मला खरंच बरं वाटायला लागलं. तेवढ्यात पुढचा ट्रक एकदम उजवीकडे सरकला आणि रस्त्यावर डहाळा (पानांसकट तोडलेली फांदी) दिसला. त्यामागे ओळीनं दगड. आपल्याकडे याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही, पुढे गाडी बंद पडली आहे. चाळीस पावलांवर चाक काढलेला ट्रक उभा होताच.

यंत्राला डहाळा वाचता येत नव्हता. पुढचा ट्रक गेला, रस्ता मोकळा झाला, असं समजून त्यानं वेग घेतला. मी ब्रेक दाबला. गाडी आणखी उसळली. मी आणखी जोरात दाबला. सुहासनं ओरडत स्टिअरिंग ओढलं, समोरून येणारी एसटी हॉर्न मारत कडेच्या मातीत उतरली, आणि त्यानं ओढलेल्या हँडब्रेकवर आमची गाडी वाकडी होऊन थांबली. मी खाली बघितलं. माझं पाऊल ब्रेकवर नव्हतं. शेजारच्या पेडलवर होतं.

बंद ट्रकचा ड्रायव्हर धावत आला. "ओ बाय, फांदी काय पूजेला ठेवलीय?"

"ताई, ब्रेक दाबलास ना?" सुहासनं विचारलं.

"दाबला. तुझं यंत्र ऐकेना."

तो पांढराफटक पडला. "उभी गाडी त्याला दिसत नाही, हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

यंत्रानं वेग घेतला, हे खोटं नव्हतं. उरलेला वेग माझा होता. मी गप्प बसले आणि त्याच्या जागेवर जाऊन बसले. मला स्वतःची लाज वाटली.

कुडपणच्या वाटेवर गाडीचं पोट दोनदा दगडाला घासलं. वर सड्यावर (डोंगरमाथ्याच्या सपाट रानात) वारा होता आणि शाळेच्या ओसरीवर नेहमीचे पेशंट. कोरा चहा (बिनदुधाचा) झाला, शाळेशेजारच्या बायजाकाकीकडे नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं झालं. सुहास सगळ्यांना सकाळची गोष्ट सांगत होता. दर वेळी त्याचं यंत्र जास्त नालायक होत होतं आणि ताई जास्त शूर. मी मान खाली घालून भाकरी मोडत होते.

"यंत्राचा काय भरवसा गो बाय," बायजाकाकी म्हणाली. "मानूस ता मानूस."

मग तिनं सुनेला, संगीताला, पुढे केलं. मुलगा मुंबईला कामाला, सून आठव्या महिन्यात. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. ब्लड प्रेशर बघितलं आणि मी उठलेच. "आत्ता महाडला न्यायचं. गाडीत बसवा."

"नेव की. पन गाडी तुमी चालवायची," बायजाकाकी म्हणाली. "ह्या दादांची गाडी आपल्या मनानं पळते. नायतर आमी डोली बांधतो. पोरीला त्या गाडीत नाय बसवनार."

डोली म्हणजे बांबूला झोळी बांधून चार माणसांनी उतरवायचं. तीन तास. संगीताकडे तेवढा वेळ नव्हता.

"सुहास चालवेल, काकी."

"नाय. तुमच्या हातात असली तर आमी निर्धास्त."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली बसले आणि उजव्या पायातली चप्पल काढली. "काकी, गाडीनं एकटीनं काही केलं नाही. या पायाला कळत नाही. ब्रेक समजून मी भलतंच दाबलं आणि दोष यंत्राला दिला. माझ्या हातात गाडी देऊ नका."

सुहास माझ्या पावलाकडे बघत राहिला. मग त्यानं पुढचं दार उघडलं.

संगीताचं डोकं मांडीवर घेऊन मी मागे बसले होते. तिच्या पायांशी अंग चोरून बायजाकाकी. सुहासनं डोंगर उतरताना ते बटण दाबलं नाही. प्रत्येक वळणावर त्याचा पाय ब्रेकवर जाताना मी बघत होते.

संध्याकाळी महाडच्या दवाखान्यात संगीताचं प्रेशर उतरू लागलं आणि बाळाचे ठोके नीट लागले. बाहेर बाकावर बायजाकाकी बसली होती. मी शेजारी टेकले. परतीच्या सगळ्या रस्त्यात जे बोलायचं टाळलं होतं, ते बोलून टाकलं. "काकी, आता गुरुवारी माझं येणं होणार नाही."

मी रडारवर संशय घेतला होता, सुहासवर घेतला होता, आणि मनात खोलवर या डोंगरावरच्या माणसांवरही घेतला होता. गाडी नाही म्हटल्यावर मी यांची कोण उरणार, म्हणून तर इतके महिने गप्प होते.

काकीनं माझ्याकडे रागानं बघितलं. "येनं नाय होनार म्हंजे? एसटीनं पोलादपुरात उतरायचं. म्होरं आमी हाव. आवो, डोली काय फकस्त खालीच येते?"