पोर्ट अकरा: नानाजी

समजा, मे महिन्यातल्या भर दुपारी दोन वाजता तुम्ही कळमन्यातल्या एका कोल्ड स्टोरेजच्या वरच्या खोलीत उभे आहात, नागपूरच्या बाजारात. पुढ्यातल्या लोखंडी कपाटात वायरी खोचायची चोवीस भोकं, म्हणजे पोर्ट, असलेला नेटवर्क स्विच आहे. इमारतीतले कॅमेरे, फोन, तापमानाचे मीटर, सगळे त्याच्याच वायरींवर जगतात. त्याच्यात तुम्हाला नवं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा मूळ प्रोग्राम, भरायचं आहे. तेही बीटा, स्विचच्या कंपनीनं अजून पक्कं न केलेलं. तुम्ही फाइल चढवता, रीबूटचा हुकूम देता, एंटर दाबता. सगळे हिरवे दिवे एकदम विझतात. आता ते परत लागेपर्यंत तुमच्या हातात काही नाही. खाली कुणी कुणाला हाक मारत असेल, तर ती कुठेच पोचणार नाही. तुम्ही फक्त उभं राहायचं.

गोपिका रामटेके हे काम नऊ वर्षं करते आहे. इंदोऱ्यात राहते, डिप्लोमा झालेली आहे, एका लहानशा ठेकेदाराकडे नोकरीला आहे. मी तिच्याच हाताखाली शिकलो. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून ती स्कूटीवर निघते. नागपुरात मे महिन्यात असली कामं दुपारीच करतात, कारण दीड ते चार बाजारात चिटपाखरू नसतं. ट्रक सावली धरून उभे असतात, हमाल पडलेले असतात. ऊन इतकं पांढरं असतं की रस्त्यावरचा माणूस दुरून अर्धाच दिसतो.

तिची एक पद्धत होती. स्विचच्या पोर्टांना बाकीचे लोक खोल्यांची नावं देतात, ती माणसांची द्यायची. खोल्या बदलतात, म्हणायची, माणूस आपल्या खुर्चीला धरून असतो. पोर्ट चारला ऑफिसातली हर्षा होती, पोर्ट नऊला मुनीमजी. पोर्ट अकराला नानाजी.

नानाजी तीन नंबरच्या चेंबरच्या पडवीत बसायचे. पडवी म्हणजे दोन जाड दारांमधली चिंचोळी जागा, आत येणारं-जाणारं पोतं लिहून घ्यायची. बाहेर सेहेचाळीस डिग्री आणि नानाजी स्वेटर-कानटोपीत. त्या भिंतींमधून मोबाइल लागत नाही, म्हणून तिथे भिंतीला एक फोन लावलेला. त्याला वेगळी वीज नाही, स्विचच्याच वायरीतून मिळते. स्विच बंद की फोन मेला.

"काहून वं पोरी, हा तुहा फोन पुन्हा मेला काय?" नानाजी ओरडायचे.

"मेला नाही नानाजी, झोपला. वायर काढा, दहापर्यंत मोजा, परत लावा."

"दहाच काहून? पाच मोजले तं?"

"पाचात तो अर्धाच जागा होते. तुमच्यावानी."

मग नानाजी वायर काढून मोठ्यानं मोजायचे, एकेक आकडा चांगला घोळवून. हमाल हसायचे. फोनचा पडदा उजळला की नानाजी मान डोलवायचे, जणू त्यांनीच तो जन्माला घातला.

दोन वर्षांपूर्वी ते बीटा आलं. जुन्या फर्मवेअरमुळे उन्हाळ्यात कॅमेरे मधूनच बंद पडत होते. त्यावर कंपनीनं ते पाठवलं आणि गोपिकानं हौसेनं घेतलं. पावणेदोनला तिनं पडवीत फोन केला. "नानाजी, दोन वाजता फोन बंद होईल. दहा मिनिटं."

"होऊ दे वं. मले कोणाशी बोलाचं हाय?"

दहा मिनिटांच्या जागी एकोणीस लागली. पहिल्यांदा स्विच अर्ध्यात अडकला, मग स्वतःच पुन्हा सुरू झाला. दिवे लागले, कॅमेरे दिसले. गोपिका पाणी प्यायली.

तीन वाजता एका हमालानं पडवीचं दार उघडलं. नानाजी स्टुलावर बसलेले, डोकं भिंतीला टेकलेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. लोक म्हणाले, झोपेत गेले, चांगलं मरण आलं. वायर फोनमध्ये नीट बसलेली होती. पडदा उजळलेला होता.

आठवड्यानं कंपनीला बीटाचा अहवाल द्यायचा म्हणून गोपिकानं स्विच स्वतःच लिहीत असतो ती नोंदवही उघडली. वीज गेली की स्विचला तारीख-वेळ आठवत नाही. बाहेरून खरी वेळ मिळेपर्यंत तो १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाचपासून मोजत बसतो. आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. त्या १९७० च्या पहाटेत, पाच एकतीसपासून पुढे, एकच नाव होतं.

पोर्ट ११ नानाजी: बंद. पोर्ट ११ नानाजी: चालू. बंद. चालू. सहा वेळा.

तिनं प्रत्येक 'बंद' आणि 'चालू' यांच्या मधला वेळ काढला. पहिल्यांदा दहा सेकंद. मग अकरा. मग दहा. मग तेरा. मग सतरा. शेवटचा सव्वीस. त्यानंतर चालू, आणि पुढे काही नाही.

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तिनं स्क्रीनवरचं बोट उचललं नाही. म्हणाली, "त्या फोनले सुरू व्हाले एक मिनिट लागते. हे मी त्याईले कधी सांगितलंच नाही." म्हणजे स्विच सुरू झाल्यावरही, पडदा लगेच उजळत नाही म्हणून कुणी पुन्हा वायर उपटली, तर फोन दर वेळी पहिल्यापासून सुरू होणार.

दोन महिन्यांनी पुढची आवृत्ती आली. दूर केलेल्या दोषांमध्ये एक ओळ होती: रीबूटनंतर एखादं पोर्ट दहा सेकंदांच्या अंतरानं आपोआप बंद-चालू होत असे. ती ओळ मी तिला वाचून दाखवली. मला वाटलं, सुटली बिचारी. नानाजींच्या हाताचा काही संबंध नाही, प्रोग्रामचा दोष. तिनं विचारलं, "दहाच?"

तेव्हापासून तिच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तसलाच स्विच आहे, तेच बीटा आहे, पोर्ट अकराला तसलाच फोन. दर मे महिन्यात, रोज दुपारी दोनपासून, ती तो पाच-सहा वेळा रीबूट करते. आतापर्यंत तीनशे चाळीस वेळा. अश्विन, तिचा नवरा, खालून ओरडतो, "अवं, ये ना खाली! त्या बुढ्याले आता तरी बसू दे निवांत!" ती ऐकत नाही. एकदा, फक्त एकदाच, मी तिथे असताना तो दोष आला. कुणी हात लावला नव्हता. फोनचा पडदा काळा झाला, परत उजळायला लागला, परत काळा. तीन वेळा. पत्रा तडतडत होता. आम्ही दोघंही मनात मोजत होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. दहा. दहा. दहा. मग थांबला.

तीनदाच झालं, म्हणून तिचं समाधान नाही. चौथ्यांदा, सहाव्यांदा काय झालं असतं? काही प्रोग्राम जाणूनबुजून दर खेपेला जास्त थांबतात, हे मलाही माहीत आहे, तिलाही. कंपनीला तिनं सात मेल केले. दोन वेळा उत्तर आलं, नवीन आवृत्ती टाका. तिनं विचारलेलं त्यात नव्हतं. ते बीटा लिहिणारा माणूस कुठेतरी असेलच. त्याच्यासाठी तिचा प्रश्न इथे लिहून ठेवतो, तिनं सांगितला तसाच:

तुमच्या त्या दोषात मधला वेळ शेवटपर्यंत दहाच राहत होता, की मोजता मोजता वाढत जात होता?